सर्व्हिस डॉग घेऊन अमेरिकेतल्या झूमध्ये जाताना: गेटवर काय विचारतात, आत कुठे थांबवतात आणि का

प्रश्न असा आहे: सासरे पूर्ण अंध आहेत, अमेरिकेत मुलाकडेच राहतात आणि गाइड डॉगशिवाय घराबाहेर पडत नाहीत. नातवंडांबरोबर झूला जायचं ठरतंय. गेटवरच्या पाटीवर मात्र ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ असं ठळक लिहिलेलं आहे. कुत्रा नेता येईल का, प्रमाणपत्र दाखवावं लागेल का, आणि आत कुठे अडवतील का?

नेता येईल. प्रमाणपत्र लागत नाही. आणि हो, आत काही ठिकाणी अडवतील, तेही कायद्याला धरून. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. तिसरी नसते, आणि दिवसाचा विचका तिथेच होतो.

आधी कायदा. ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ म्हणजे एडीए हा कायदा १९९० चा. सर्व्हिस ॲनिमलची आज लागू असलेली व्याख्या १५ मार्च २०११ पासून अमलात आली. या व्याख्येप्रमाणे सर्व्हिस ॲनिमल म्हणजे कुत्रा, आणि तोही अपंगत्वाशी संबंधित एखादं ठरावीक काम शिकवलेला. अपंगत्व दृष्टीचं, ऐकण्याचं, हालचालीचं, मानसिक, बौद्धिक कोणतंही चालतं. त्याआधी लोक माकडं, पोपट, साप असं काहीही घेऊन यायचे. ते दार तेव्हापासून बंद झालं. झू शहराच्या मालकीचं असो वा खासगी संस्थेचं, कायद्याचं प्रकरण बदलतं, नियम तेच राहतात. पाटीवरचा ‘पाळीव प्राणी’ हा शब्द सासऱ्यांच्या कुत्र्याला लागू होत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो पाळीव प्राणी नाहीच.

कुत्र्याखेरीज एकच सवलत आहे, ती छोट्या जातीच्या घोड्याची (मिनिएचर हॉर्स). खांद्यापर्यंत साधारण २४ ते ३४ इंच उंच आणि ७० ते १०० पौंड वजनाचा, काम शिकवलेला घोडा असेल तर संस्थेला चार गोष्टी तपासता येतात: तो बाहेरच मलमूत्र करायला शिकलेला आहे का, ताब्यात आहे का, त्याचं आकारमान आणि वजन त्या जागेला झेपेल का, आणि त्याच्यामुळे सुरक्षिततेला बाधा येते का. झूमध्ये असा घोडा क्वचितच दिसतो, पण आला तर सिंहाच्या आवाराजवळ काय होईल ते वेगळं सांगायला नको.

गेटवर कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात, आणि तेही काम नुसतं पाहून कळत नसेल तेव्हाच. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस ॲनिमल आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलेलं आहे? बस. आजार कोणता, डॉक्टरांची चिठ्ठी कुठे, ओळखपत्र दाखवा, जरा करून दाखवा, यातलं काहीही मागता येत नाही. अंगावर जॅकेट किंवा बिल्ला असण्याचीही सक्ती नाही. सासऱ्यांच्या हातात हार्नेसची (कुत्र्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांची) कडक मूठ आणि पांढरी काठी दिसत असेल तर मुळात विचारायचं कारणच उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र घरून तयार करून जावं, कारण अडकतात ते तिथेच. ‘तो मला आधार देतो’, ‘त्याच्यामुळे बरं वाटतं’ ही उत्तरं खरी असली तरी कायद्याच्या कसोटीला उतरत नाहीत. नुसत्या सोबतीने दिलासा देणारा कुत्रा म्हणजे इमोशनल सपोर्ट ॲनिमल. तो एडीएखाली येत नाही आणि झू त्याला सरळ नाकारू शकतं. उत्तरात क्रियापद हवं. ‘अडथळ्याला वळसा घालून नेतो, पायरी आली की थांबतो.’ ‘साखर उतरायला लागली की पंजाने हात खाजवतो.’ ‘घाबरगुंडीचा झटका येण्याआधी ओळखतो आणि अंगावर रेलून बसतो.’ ‘फिट आली की शेजारी उभा राहून भुंकतो.’ एक वाक्य पुरतं. त्यापुढे आजाराचा इतिहास सांगत बसू नये. तो ऐकायचा अधिकार समोरच्याला नाही आणि मागे रांगही वाढत असते.

इंटरनेटवर पैसे भरून मिळणाऱ्या ‘सर्व्हिस डॉग नोंदणी’ कार्डाला कायदेशीर किंमत शून्य. उलट असं कार्ड पुढे केलं की जाणकार कर्मचारी सावध होतो. खोटं सांगून कुत्रा आत नेणं हा बऱ्याच राज्यांत गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि फ्लोरिडात शिक्षेबरोबर ३० तास समाजसेवाही करावी लागते.

विमानाचा आणि घरभाड्याचा कायदा वेगळा आहे, ही एक नेहमीची गल्लत. विमान कंपनी जो फॉर्म भरून घेते तो झूच्या गेटवर कोणी मागत नाही आणि दाखवून फायदाही नाही. घरमालकाने सपोर्ट ॲनिमल म्हणून मान्य केलेला कुत्रा झूला मान्य करावा लागत नाही. प्रशिक्षण चालू असलेला कुत्राही एडीएच्या व्याख्येत बसत नाही. त्याला प्रवेश आहे की नाही ते त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो, म्हणून असा कुत्रा असेल तर आधी विचारूनच निघावं.

आता आतलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने जुलै २०१५ मध्ये सर्व्हिस ॲनिमलबद्दलची प्रश्नोत्तरं प्रसिद्ध केली. झूचं उदाहरण त्यात थेट दिलेलं आहे. जिथे ठेवलेले प्राणी कुत्र्याचे नैसर्गिक भक्ष्य किंवा नैसर्गिक शत्रू आहेत, आणि कुत्रा दिसल्याने ते आक्रमक होतात किंवा बिथरतात, तेवढ्या भागात सर्व्हिस डॉगला मनाई करता येते. बाकीच्या झूमध्ये नाही. यातला ‘आणि’ महत्त्वाचा. प्राणी भक्ष्य आहे एवढ्यावर भागत नाही, तो प्रत्यक्ष बिथरतो हेही असायला हवं. ‘आमच्याकडे प्राणी आहेत, म्हणून कुत्रा नको’ असं सरसकट म्हणून भागत नाही. कुणाला कुत्र्याची ॲलर्जी आहे किंवा भीती वाटते, हेही कारण चालत नाही.

म्हणून नियम सांभाळणाऱ्या झूकडे एक नकाशा असतो. त्यावर सर्व्हिस डॉगला बंद असलेले भाग रंगवलेले असतात. तिकीट खिडकीवर किंवा ‘गेस्ट सर्व्हिसेस’च्या काउंटरवर तो मागायचा. हा नकाशा मागणं हे दिवसाचं पहिलं काम, तिकीट काढण्याच्याही आधीचं.

नकाशात साधारण काय रंगवलेलं असतं आणि का, ते कळलं की वाद निम्म्याने कमी होतात.

पहिला क्रमांक खुल्या पक्षिगृहांचा, म्हणजे जिथे आपण दुहेरी दारातून आत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडत असतात. तिथे कुत्रा आणि पक्षी यांच्यामध्ये जाळी नाही, काच नाही. काही पक्षी जमिनीवरच चरतात. त्यांतला एक घाबरून उडाला की अख्खा थवा जाळीवर आदळतो. फ्लेमिंगोंचं दुखणं आणखी वेगळं. काडीसारखे पाय, दाटीवाटीने उभा थवा. एकदम पळापळ झाली की पाय मोडतात, आणि एवढ्या लांब पायाचं हाड जुळवणं पशुवैद्याला फार क्वचित जमतं. २०२२ पासून बर्ड फ्लूच्या साथीत अनेक झूंनी पक्षिगृहं मधून मधून सगळ्यांनाच बंद ठेवली, त्यामुळे दार बंद दिसलं तर ते कुत्र्यामुळेच असेल असं नाही.

दुसरा क्रमांक कांगारू आणि वॉलबी (कांगारूचा छोटा भाऊबंद) यांच्या मोकळ्या वाटांचा. प्रेक्षकांची पायवाट आणि प्राण्यांचं कुरण यांच्यात दोरीएवढाच अडसर असतो. कांगारूच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे डिंगो, त्याची शिकार करणारा ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा. कांगारू आधी मागच्या पायाने जमिनीवर धाडकन आपटतो, हा इतरांना दिलेला इशारा, आणि पुढच्या क्षणी सगळे कुंपणाकडे धावतात. आदळण्यापेक्षा वाईट गोष्ट नंतर घडते. भीतीने जीव तोडून धावलेल्या अशा प्राण्यांचे स्नायूच आतून नासायला लागतात. त्यातून निघालेली द्रव्यं मूत्रपिंड बंद पाडतात, आणि संध्याकाळी धडधाकट दिसणारा प्राणी दोन-चार दिवसांनी मरतो. पशुवैद्यक याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. हरणं, काळवीट, झेब्रा, जिराफ यांनाही ती होते. ‘आमचा कुत्रा तर काहीच करत नाही’ हे म्हणणं इथे अगदी खरं असतं आणि अगदी निरुपयोगीही. तो नुसता दिसला तरी पुरतं.

तिसरा क्रमांक शेळ्या-मेंढ्यांना हात लावता येतो त्या ‘पेटिंग झू’चा. शेळी पळण्याऐवजी डोकं खाली घालून धडक मारते, तीही शेजारी उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोराला.

फुलपाखरांचं घर लोकांना कोड्यात टाकतं. फुलपाखरू ना भक्ष्य, ना शत्रू. मग मनाई का? विचारलंत तर कारण समजून घ्या. जमिनीवर बसलेली फुलपाखरं कुत्र्याच्या शेपटीखाली आणि पंजाखाली येतात. शिवाय पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकलेल्या औषधात फिप्रोनिल किंवा परमेथ्रिन असतं. ही दोन्ही द्रव्यं कीटक मारायलाच बनवलेली आहेत. केसांवर बसलेल्या फुलपाखराला त्यातला अंशही पुरतो. बेडूक आणि मासे यांनाही ती घातक, म्हणून हात बुडवायच्या उथळ टाक्यांपाशी कुत्र्याला पाण्यात तोंड घालू देऊ नये.

मोठ्या मांजरकुळाचं, लांडग्यांचं, आफ्रिकन रानकुत्र्यांचं काय? इथे झू-झूमध्ये फरक पडतो. रुंद खंदक असेल आणि प्रेक्षक वरच्या कठड्यावर असतील तर बहुधा वाट खुली असते. जमिनीलगत काच असेल तर कधी खुली, कधी बंद, कधी ‘पाहू, प्राणी बिथरला तर निघावं लागेल’ अशी अट. मला हा तिसरा मार्ग सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, कारण दोन वाघ सारखे नसतात. एक डोळा उघडून पुन्हा झोपतो, दुसरा काचेवर येतो.

आणि वानरं. गोरिला, चिंपांझी यांना कुत्रा आवडत नाही आणि ते तसं दाखवतातही. अंगावरचे केस ताठ होतात, काचेवर दणके बसतात, काही वेळा विष्ठा भिरकावली जाते. कळपात माद्या पिल्लांसह असतील तर नर जास्त तापतो.

याला एक गमतीशीर अपवाद आहे, आणि कुणी ना कुणी तो गेटवर काढतोच: ‘इथे तर चित्त्याबरोबर कुत्रा राहतो!’ बरोबर आहे. बुजऱ्या चित्त्याला धीर यावा म्हणून त्याच्या जोडीला कुत्रा वाढवायची पद्धत सॅन डिएगो झूने सुरू केली आणि पुढे अमेरिकेतल्या इतर झूंनी उचलली. पण तो कुत्रा त्या चित्त्याबरोबर लहानपणापासून वाढलेला असतो, त्याच्या तपासण्या झूच्याच पशुवैद्याकडे होतात, आणि त्याचा वास चित्त्याच्या ओळखीचा असतो. परका कुत्रा ही वेगळी गोष्ट.

रोगांचा मुद्दा कायद्याच्या प्रश्नोत्तरात ठळक नाही, पण झूच्या पशुवैद्याच्या डोक्यात तोच पहिला असतो. कॅनाइन डिस्टेंपर हा नावाला कुत्र्याचा रोग. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीतले जवळपास एक तृतीयांश सिंह त्यानेच मारले. काळ्या पायाच्या फेरेटची (मुंगसासारखा छोटा प्राणी) उरलीसुरली रानटी वस्ती १९८५ मध्ये वायोमिंगमध्ये याच रोगाने कोसळली. लाल पांडाला तर कुत्र्यांसाठीची जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस दिली तरी रोग होऊ शकतो, इतका तो नाजूक. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. लेप्टोस्पायरा (लेप्टो) हा जिवाणू लघवीतून पसरतो. लस टोचलेला, निरोगी कुत्रा हा धोका फार कमी करतो, म्हणून रेबीज, डिस्टेंपर-पार्व्हो आणि लेप्टो या लशी वेळच्या वेळी झालेल्या असाव्यात. स्थानिक परवाना आणि लसीकरणाचे नियम सर्व्हिस डॉगलाही लागू असतात. लसीचा कागद ही प्रवेशाची अट करता येत नाही, तरी लसीचा बिल्ला गळ्यातल्या पट्ट्याला आणि कागदाचा फोटो फोनमध्ये असावा. कुत्रा एखाद्या मुलावर किंवा प्राण्यावर धावला, नखं लागली, तर तोच कागद उपयोगी पडतो. खोकला, जुलाब, नाक गळणं यांपैकी काही असेल तर झू पुढच्या आठवड्यावर ढकला.

जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी फोन करा. आगाऊ कळवण्याची सक्ती झूला करता येत नाही, पण फोन केलेला माणूस आणि न केलेला माणूस यांचा दिवस फार वेगळा जातो. विचारायचं ते नेमकं विचारा. कोणते भाग बंद आहेत? बंद भागाच्या दाराशी कुत्र्याला थांबवायला सावलीची जागा आहे का? कुत्र्याला लघवीला न्यायची जागा कुठे आहे? रेल्वे, कॅरोसेल, आकाशपाळणा यांवर कुत्रा चालतो का? सध्या कोणत्या प्राण्यांना पिल्लं झाली आहेत? शेवटच्या प्रश्नाने समोरचा माणूस एकदम सावध होऊन नीट बोलू लागतो, कारण असं विचारणारे फार थोडे. काही झूंमध्ये बरोबर चालायला एक स्वयंसेवक देतात. तो रेडिओवरून पुढच्या कीपरला कळवतो आणि कीपर आपल्या प्राण्यावर नजर ठेवतो. मिळाला तर घ्या. त्याचे पैसे मागता येत नाहीत. कुत्र्याचं वेगळं तिकीट किंवा अनामतही घेता येत नाही. कुत्र्याने काही मोडलं तर मात्र भरपाई मागता येते, इतर पाहुण्यांकडून जशी मागतात तशीच.

वेळ निवडताना ओढाताण होते. सकाळी उघडताच जाल तर रस्ते थंड आणि गर्दी कमी, पण शिकारी प्राणी तेव्हाच सर्वाधिक जागे. दुपारी वाघ-सिंह झोपलेले, पण डांबर तापलेलं. गाइड डॉगसाठी सकाळ निवडा आणि मांजरकुळ व लांडगे शेवटी, उन्हं चढल्यावर, जमलं तर छपराखालच्या वाटेने करा. खाऊ घालायच्या वेळा नकाशावर छापलेल्या असतात. त्या वेळी त्या प्राण्यापाशी जाऊ नका. भूक आणि कुत्रा एकत्र आले की शांत प्राणीही बदलतो.

काचेपाशी काय करायचं ते जरा जवळून पाहू, कारण गडबड इथेच होते. सासरे आणि कुत्रा काचेकडे सरळ तोंड करून चालत येतात. कुत्र्याच्या उंचीवर पलीकडे वाघाचं तोंड आहे. वाघ उठत नाही, उलट खाली बसतो. डोकं खांद्यांच्या खाली जातं, कान पुढे वळतात, मागचे पाय पोटाखाली गोळा होतात, शेपटीचं फक्त टोक हलत राहतं. मुलांना वाटतं वाघ खेळतोय, सगळे फोन काढतात. तो खेळत नाही, नेम धरतोय. इथे दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात बाजूच्या कुणीतरी ‘डावीकडे वळा, चला’ म्हणायला हवं, कारण सासऱ्यांना हे दिसत नाही. म्हणून प्राण्यावर नजर ठेवायचं काम कुटुंबातल्या एकाच मोठ्या माणसाला आधीच नेमून द्या. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

मुळात काचेशी समांतर चालावं, सरळ चाल करून जाऊ नये. कुत्रा नेहमी डावीकडे चालत असेल, तर प्राणी उजवीकडे राहील अशा बाजूने वाट धरावी, म्हणजे मध्ये माणूस येतो. थांबायचं तर काचेपासून चार-पाच मीटर मागे, आणि कुत्र्याला बसवून त्याचं तोंड दुसरीकडे. हरणांच्या आवारात खुराचा ठोका, वर उचललेली शेपटी, सगळ्या माना एकाच दिशेला, ही खूण दिसली की पुढे सरका. प्रेअरी डॉग (नावात ‘डॉग’ असलं तरी बिळात राहणारी खारीच्या कुळातली प्राणीजात) तर कुत्र्यासाठी आणि कोल्ह्यासारख्या कायोटीसाठी वेगवेगळी हाक देतात. तुम्ही तिथे पोहोचायच्या आत पलीकडच्या बिळाला वार्ता गेलेली असते.

कुत्र्याकडेही बघायला हवं. चांगला शिकलेला गाइड डॉगही सिंहाच्या वासाने बिचकतो. धापणं अचानक थांबणं, पाठीवरचे केस उभे राहणं, जांभया, ओठ चाटत राहणं, शेपटी पायांत, आणि सगळ्यात बोलकं म्हणजे चालायला नकार. हार्नेसमधला कुत्रा वासाच्या दिशेने जायला तयार नसेल तर त्याला ओढू नका, मागे वळा. त्याला शिकवलेलंच आहे की धोका वाटला तर आज्ञा मोडायची. आणखी एक कटकट म्हणजे वाटेवर मोकळे फिरणारे मोर, बदकं आणि कॅनडा गीझ (बदकाहून मोठे रानहंस). त्यांना ना काच ना जाळी, आणि नर मोर स्वतःच अंगावर येतो. ‘सोड’, ‘इकडे बघ’ या आज्ञा बागेत पक्ष्यांसमोर पक्क्या झालेल्या नसतील तर झू ही सरावाची जागा नाही. मेलेला पक्षी दिसला तर कुत्र्याला हुंगूही देऊ नका. २०२३ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत एका कुत्र्याने रानहंस चघळला आणि तो कुत्रा बर्ड फ्लूने दगावला.

पट्टा किंवा हार्नेस कायद्यानेच बंधनकारक आहे. अपंगत्वामुळे धरता येत नसेल, किंवा पट्ट्याने कामातच अडथळा येत असेल, तर आवाजाने वा खुणेने ताबा ठेवता आला पाहिजे. लांबत जाणारा गुंडाळी-पट्टा झूमध्ये आणूच नये. चार फुटांवर गाठ मारलेला साधा पट्टा बरा.

बंद भागाशी आल्यावर काय करायचं हे घरीच ठरवा. कुत्रा बाहेर राहिला तरी सासऱ्यांना आत जाण्याची सोय द्यायला झू बांधील आहे. बांधील नाही ते कुत्रा सांभाळायला. कर्मचाऱ्याच्या हातात पट्टा देऊन आत जाता येत नाही. काही ठिकाणी पिंजरे ठेवलेले असतात, ते वापरायची सक्ती नसते. दोन मोठी माणसं बरोबर असतील तर एक कुत्र्यासह बाहेर, दुसऱ्याच्या कोपराला धरून, अर्धं पाऊल मागे राहून सासरे आत. हे नीट चालतं. अडचण कुत्र्याची. मालक दारातून दिसेनासा झाला की तो कुंई कुंई करतो आणि त्या आवाजाने आतले प्राणी अधिकच बिथरतात. घरी आधीच सवय करा: सासरे दुसऱ्या खोलीत, कुत्रा दुसऱ्याच्या हातात, पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. हार्नेस काढला की कुत्र्याला सुट्टी झाल्यासारखं वाटतं, म्हणून थांबताना हार्नेस काढलात तरी पट्टा हातात आखूड धरा आणि दारापासून तीसेक पावलं दूर, प्राणी दिसणार नाहीत अशा जागी बसा.

साखर किंवा फिट ओळखणारा कुत्रा असेल तर त्याच्यापासून दूर गेलेली वीस मिनिटं हाच खरा धोका. साखरेसाठी ग्लुकोज मॉनिटर (साखर मोजायचं यंत्र) बरोबर ठेवा, किंवा तो भाग सोडा. फुलपाखरं पुढच्या वर्षीही असतील.

डांबरावर हाताची मागची बाजू टेकवा. सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याच्या पंजांना ते पोळणारच. बूट असतील तर आधी आठवडाभर घरात घालून सवय करा, नाहीतर तो झूमध्ये सारसासारखा पाय उचलत चालेल. ३० किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला साधारण दीड लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून बरंच जास्त. घडीची वाटी, दोन लिटर पाणी आणि विष्ठेच्या पाच-सहा पिशव्या बरोबर हव्यात. विष्ठा उचलणं हे कुत्रा नेणाऱ्याचं काम. सांडलेले पॉपकॉर्न, द्राक्षं, कांद्याची भजी यांवर लक्ष ठेवा, द्राक्षं आणि कांदा कुत्र्याला विषारीच. झूमधल्या उपाहारगृहात सर्व्हिस डॉगला मनाई करता येत नाही, पण त्याला खुर्चीवर बसवणं किंवा टेबलावरून भरवणं चालत नाही. पाण्यात खेळायच्या जागी तो काठापर्यंत येऊ शकतो, पाण्यात उतरवायला झू बांधील नाही.

झूमधून बाहेर जायला केव्हा सांगता येतं? दोन कारणांनी. कुत्रा ताब्यात नाही आणि नेणारा त्याला आवरत नाही, किंवा तो शिकलेला नसून वाटेतच घाण करतो. एकदा भुंकला, किंवा कुणी शेपटीवर पाय दिल्यावर भुंकला, तर त्याला ‘ताब्याबाहेर’ म्हणत नाहीत. काचेसमोर सतत भुंकत राहिला आणि थांबवता येत नसेल, तर म्हणतात. तेव्हाही बाहेर काढतात ते कुत्र्याला. सासऱ्यांना कुत्र्याशिवाय झू पाहायची मुभा राहतेच.

एखाद्या जागी कर्मचारी म्हणाला ‘इथून हला’, तर आधी हला, मग विचारा. प्राणी धावायला लागल्यावर हक्काची चर्चा काचेपाशी करण्यात अर्थ नाही. नकाशावर नसलेल्या जागी अडवलं तर शांतपणे एक प्रश्न विचारा: ‘इथला कोणता प्राणी बिथरतोय?’ प्राण्याचं नाव सांगता आलं तर मनाई बहुधा खरी असते. नाही आलं तर सुपरवायझरला बोलवायला सांगा, जागा, वेळ आणि कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावरचं नाव टिपून ठेवा. गेटवरच आत सोडलं नाही तर तक्रार न्याय खात्याकडे ऑनलाइन करता येते, आणि त्यांची एडीए माहिती-सेवा फोनवर झूच्या माणसांनाही हेच नियम समजावून सांगते. कधी कधी तिथल्या तिथे स्पीकरवर लावलेला तो फोन तक्रारीपेक्षा लवकर काम करतो.